आधी बसायचं

जिल्हा कचेरीच्या जिन्यावर, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, साहेबराव थांबला. तसा तो आपण होऊन थांबला नव्हता. पुढच्या पायरीसाठी पाय उचललेला होता, आणि छातीच्या मधोमध कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं काहीतरी पिळलं गेलं, डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत परक्याचा झाला, कपाळावर गार घाम आला. मे महिन्यात, लातुरात, गार घाम. खालून वर, वरून खाली माणसं ये-जा करत होती, आणि अव्वल कारकून जिन्यात कठडा धरून उभा आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो भिंतीवर डकवलेला कागद वाचू लागला. ‘पाणी जपून वापरा.’ जपायला पाणी कुठं आहे ते त्या कागदात लिहिलेलं नव्हतं. त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, मग छातीतली पकड आपोआप सैल झाली आणि तो वर जाऊन आपल्या खुर्चीत बसला. खुर्चीत बसलं की त्याला नेहमी बरं वाटायचं. त्या दिवशीही वाटलं.

जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळं झालं त्याला तीन-चार वर्षं झाली होती, पाट्यांचा रंग अजून टिकून होता, आणि नांदेडच्या कचेरीतून जी माणसं इकडं पाठवली त्यांत साहेबराव होता. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं मिळालं, टेबलं, कपाटं, शिक्के, फक्त पाऊस तेवढा जुन्याच जिल्ह्यात राहिल्यासारखा झाला. सलग दुसऱ्या वर्षी मांजरा नदी कोरडी पडली. कचेरीतली माणसं बादलीभर पाण्याच्या गोष्टी दिवसभर बोलायची आणि साहेबराव खुर्चीत बसून त्या ऐकायचा. त्याला बसणं आवडे. आवडे म्हणजे काय, तीच त्याची मिळकत होती. घरून कचेरीत तो लुनावर यायचा, कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीला जायचं तरी लुना काढायचा, आणि सिंधु, त्याची बायको, म्हणायची की हे उद्या न्हाणीतसुद्धा लुना घेऊन जातील. तो हसायचा. पोट सुटलं होतं, दोन जिने चढले की धाप लागायची, पण त्याच्या गणगोतात पोट सुटलेला तो पहिलाच माणूस होता आणि त्याला त्याची लाज वाटण्याऐवजी मनातल्या मनात बरंच वाटे.

लातुरात डॉक्टरला दाखवलं असतं तर दुपारपर्यंत कचेरीत बोभाटा झाला असता. म्हणून त्यानं रविवार गाठून एसटीनं नांदेड गाठलं. तिथला डॉक्टर तरुण होता, मऊ बोलायचा, आणि समोरच्या कागदावर हृदयाचं चित्र काढून त्याच्या नळ्या दाखवायचा. “या अशा अरुंद झाल्यात,” तो म्हणाला, “आतून गाळ बसल्यासारखं. औषध देतो. पण खरं औषध तुमच्या पायात आहे. चालायचं. आज थोडं, उद्या त्याहून थोडं जास्त. रोज वाढवत न्यायचं.” मग त्यानं विचारलं की वडिलांना असा काही त्रास होता का. साहेबराव म्हणाला, नव्हता, ते ऊन लागून गेले. डॉक्टरनं मान हलवली आणि एक छोटी पुडी पुढं सरकवली. “चालताना दुखलं, तर ही जिभेखाली. पण एक लक्षात ठेवा. उभ्यानं घ्यायची नाही, चक्कर येऊन पडाल. आधी बसायचं. जिथं असाल तिथं. रस्ता असो, दगड असो, कुणाचा ओटा असो. आधी बसायचं, मग गोळी. दुखत असताना पुढं चालत राहिलात तर मग माझ्या हातात काही नाही. एवढं जमेल ना?” साहेबराव हसला. बसायचंच होतं. जन्मभर तेच तर जमवलं होतं.

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून तो बाहेर बघत राहिला. लोह्याच्या पुढं रानं करपून नुसती काळी पडली होती आणि रस्त्याच्या कडेनं माणसं चालत होती, हंडे घेऊन, गुरं घेऊन, काहीच न घेता. चालायचं. हा शब्द त्यानं किती वर्षांत ऐकलाही नव्हता. त्याच्या घरात हा शब्द म्हणजे लिंबाजी होता, त्याचा बाप. उमरीजवळच्या त्यांच्या गावात गिरदावर दौऱ्यावर आला, म्हणजे महसुलाचा फिरता अंमलदार, की तो घोड्यावर असायचा आणि घोड्याच्या पुढं लिंबाजी. हातात घुंगरांची काठी, काखेत साहेबाची वळकटी, आणि पावलं अशी की घोड्याला हटकावं लागू नये आणि घोड्याच्या पायाखालीही येऊ नये. उमरीहून मुदखेड, मुदखेडहून अर्धापूर, जिथं साहेबाचं मन लागेल तिथवर. मोबदला म्हणजे चावडीच्या मागल्या अंगाला टाकलेलं शिळं. हे काम कुणी दिलं नव्हतं, ते जन्मासोबत आलं होतं. चावडीवर पोचलं की साहेब बसायचा, पाटील बसायचा, पटवारी बसायचा, घोडाही जरा वेळानं गुडघे मोडायचा. लिंबाजी काठीवर हनुवटी टेकवून उभा. त्याला कुणी बस म्हटल्याशिवाय बसता येत नव्हतं आणि त्याला कुणी बस म्हणत नव्हतं. त्याच्या तोंडात चावडीवर एकच शब्द असायचा, जी. हो असलं तरी जी आणि नाही असलं तरी जी. अशा माणसानं पोराचं नाव साहेबराव ठेवलं. गावात ते नाव कुणी उच्चारलं नाही, गावकऱ्यांनी त्याचं साब्या केलं, पण लिंबाजी भर चावडीसमोरून मोठ्यानं हाक मारायचा, “साहेबराव, घरी चला.” त्यात त्याला काय सुख होतं ते त्याचं त्याला माहीत. शाळेत घातलं तेव्हा मास्तरपुढं हात जोडून तो म्हणाला होता, “पोराला आत बसू द्या जी.” आणि मास्तरनं बसू दिलं, तेव्हा खिडकीच्या गजातून तो कितीतरी वेळ बघत उभा राहिला. त्या रात्री भाकरी खाताना त्यानं सांगून टाकलं होतं, “तू बसायचं. आपल्यातलं चालणं मी संपवून टाकतो.” आणि पोरगा सातवीत असताना, एका उन्हाळ्यात, अर्धापूरच्या वाटेवर त्यानं ते खरंच संपवलं. ऊन लागलं, सगळे म्हणाले. त्यानंतर दोन वर्षांनी वस्तीनं धर्म बदलला, काठ्या मोडून चुलीत घातल्या, आणि कुणी कुणाच्या घोड्यापुढं गेलं नाही. लिंबाजीला ते बघायला मिळालं नाही. साहेबरावला वाटे, आपण खुर्चीत बसतो तेव्हा तोही थोडा बसत असेल.

घरी आल्यावर त्यानं सिंधुला डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं, तेव्हा आतल्या खोलीत बाजेवर पडलेली नागुबाई उठून बसली. त्याची आई. तिला कानानं कमी ऐकू यायचं, पण नेमकं नको ते ऐकू यायचं.

“कोन चालायला सांगितलं?”

“डॉक्टरनं, आई. रोज चालायचं.”

नागुबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं पदर तोंडाला लावला. “शिपाई केलं का रं तुला?” ती म्हणाली. “खुर्ची काडून घेतली? खरं सांग. म्या कुनाला न्हाई सांगत.”

सिंधुला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. साहेबराव बाजेच्या कडेला टेकला आणि डॉक्टरनं काढलेलं चित्र हवेत काढून आईला समजावू लागला. हृदय, नळ्या, नळ्यांत बसलेला गाळ. बसून बसून हे होतं. चाललं की रक्त पळतं, नळ्या मोकळ्या राहतात, माणूस जास्त जगतो. शिकलेले लोक, पैसेवाले लोक आता मुद्दाम चालतात. नागुबाई ऐकत होती.

“चालल्यानं मोकळ्या ऱ्हातेत,” ती म्हणाली.

“हो.”

“मग तुज्या बापाच्या लख्ख असतील.”

साहेबराव उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि पहाटे, उजाडता उजाडता, लुनाकडं न बघता फाटकाबाहेर पडला. आईनं झोपेचं सोंग घेतलं होतं ते त्याला कळलं. पहिल्याच सकाळी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला चालता येत नाही. पाय होते, रस्ता होता, पण मैदानाकडं निघालेले वकील, डाळमिलवाले, दाताचे डॉक्टर ज्या तऱ्हेनं चालत होते ते त्याला जमेना. ते फिरायला आले होते. हात मागं बांधून, मधेच थांबून, कडुनिंबाची काडी मोडून, दुष्काळावर एखादं वाक्य बोलून. फिरणं हे वेगळंच काहीतरी होतं, ते त्याच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. त्याला एकच चालणं रक्तातून आलं होतं, कडेकडेनं, खाली मान घालून, झपझप, मागून कुणीतरी येतंय असं. आणि रिकामे हात. रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्याला कळेना, शेवटी त्यानं एका हातात घडी केलेला रुमाल धरला. समोरून ओळखीचं कुणी आलं की विचारायचं, “लांब का?” कुठं असं विचारू नये, काम होत नाही, म्हणून लांब का. आणि तो म्हणायचा, “नाही नाही, हे इथंच,” आणि इथंच म्हणजे कुठं ते त्यालाच माहीत नसायचं. एका सकाळी मागून जीप आली. कचेरीतलीच, दुष्काळाच्या दौऱ्यावर निघालेली. ड्रायव्हरनं त्याला ओळखून वेग कमी केला, नमस्कार करायला असेल, आणि इंजिनाची घरघर पाठीशी आली तशी साहेबरावची पावलं आपोआप वाढली, मग तो चक्क पळू लागला, जीपच्या पुढं, रस्त्याच्या मधोमध, बूट फटफट वाजवत. जीप बाजूनं निघून गेली तेव्हा आतली माणसं हसत होती. साहेब, तब्येत जोरात, कुणीतरी ओरडलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की घरी जाऊन लुना काढावी आणि मरायचं तर बसून मरावं असं वाटलं.

पण तो चालत राहिला, कारण त्याला जगायचं होतं. हे त्यानं स्वतःशी कबूल केलं तेव्हा त्याला जरा नवल वाटलं. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, मुलं नाहीत, वरच्या जागेची आशा नाही, नळाला पाणी नाही, आणि तरी रात्री उशीवर कान ठेवला की आतली धडधड ऐकून तो घाबरून कूस बदलायचा. रोज थोडं जास्त. मैदानाच्या पुढं पाण्याची कोरडी टाकी, टाकीच्या पुढं नांदेड नाका, नाक्याच्या पुढं खेड्यांतून उठून आलेल्या लोकांनी बांधलेली नवी वस्ती. छातीत दुखलं नाही. पट्टा आवळून बांधता येऊ लागला. सिंधु म्हणाली, तोंडावर तजेला आलाय. आणि मग एका संध्याकाळी नागुबाईनं त्याला जवळ बोलावलं. त्याचे बूट तिनं पुसून बाजेखाली ठेवले होते.

“त्या डाक्टरनं तुज्या बापाचं इचारलं म्हनं,” ती म्हणाली. सिंधुनं सांगितलं असणार.

“विचारलं होतं. ऊन लागलं म्हणून सांगितलं.”

“ऊन न्हाई लागलं.” ती हाताची नखं बघत होती. “वस्तीतला पंढरी होता संगट, साहेबाचं बोचकं घिऊन मागं. त्यानं मला सांगितलं, मग म्या कुनाला न्हाई सांगितलं. छाती धरली म्हने तुज्या बापानं. घामानं न्हाऊन निघाला. वाटंत लिंबाचं झाड हुतं, खाली मोटा धोंडा हुता, चांगला बसन्याजोगा. मागं वळून म्हनला, साहेब, जरा टेकू का जी. साहेब घोड्यावरून काय बोलला म्हाईत हाय? चल, म्हनला. राग न्हाई, शिवी न्हाई, नुसतं चल. तुजा बाप म्हनला, जी. आन चालला. लई न्हाई चालला मग.”

बाहेर कुठंतरी टँकर आल्याचा गलका उठला आणि विरला. साहेबरावला बापाचा राग आला. साहेबाचा यायला हवा होता, तो तर जन्मभर पुरेल एवढा शिल्लक होताच, पण आला तो बापाचा. धोंडा होता. झाड होतं. बसायचं. मागं वळून विचारायचं कशाला? घोड्यावरून उतरून काय मारणार होता तो, आणि मारलं असतं तरी मार बसल्या जागी खाल्ला असता. एक पोरगं शाळेत आहे, बायको आहे, आणि हा माणूस बसायला परवानगी मागतो. तो आईला तसं म्हणाला. जरा चढ्या आवाजातच म्हणाला.

“न्हाई बसता येत, बाळा,” ती म्हणाली. “गुडगं वाकत न्हाईत.”

त्यानं ठरवलं, येत्या रविवारी नांदेडला जाऊन डॉक्टरला खरं सांगायचं. बापाला होतं. बाप ह्यानंच गेला. शनिवारी सकाळी तो नेहमीसारखा निघाला. पुडी खिशात आहे का ते त्यानं चाचपलं. नागुबाई जागी होती, सोंग न घेता, आणि तिनं विचारलं, “लांब का रं?” तो म्हणाला, “न्हाई, हितंच,” आणि आपण आईच्या बोलीत बोललो याचं त्याला बरं वाटलं. मैदान गेलं, टाकी गेली, नाका गेला. उजाडतानाच ऊन चटका देत होतं. वस्तीतल्या हापशापाशी हंड्यांची रांग लागली होती, रिकामी, आडवी-तिडवी, हापसा दोन महिन्यांपासून नुसती हवा ओकत होता तरी रांग होतीच, कारण टँकर आला तर तिथंच येणार होता. तो रांगेपासून जरा अलीकडं आला आणि आतलं फडकं पिळलं गेलं.

या वेळी जोरात. जबडा दुखला, डावा हात गेला, ऊन एकदम पांढरं झालं. आधी बसायचं, त्याला डॉक्टरचा मऊ आवाज ऐकू आला, अगदी कानाशी. समोर ओटा होता. मातीनं नीट सारवलेला, गुडघाभर उंचीचा, चांगला बसण्याजोगा. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, नाकात जाड नथणी, कपाळाला आडवं कुंकू, पायाशी पालथी घागर, आणि दोघी-तिघी बायका तिच्याशेजारी. दारावर तोरण, तुळस वाळून काडी झालेली. बोलणं उदगीरकडचं, रानातल्या विहिरी आटल्या म्हणून उठून आलेलं कुणब्याचं घर. हे सगळं त्याला एका नजरेत कळलं. जन्मभर कळत आलं होतं, कोणतं घर कोणाचं, कोणत्या ओट्याला किती अंतर. त्यानं पाय पुढं टाकला, ओट्याच्या खाली आला, आणि उभा राहिला. फक्त वळायचं होतं आणि खाली व्हायचं होतं. खिशातल्या पुडीवर त्याचा हात होता. बस, तो स्वतःला म्हणाला. बस ना. कोण काय म्हणणार आहे, तू अव्वल कारकून आहेस, वर्षं कुठली चाललीत. गुडघे ताठ होते. ते त्याचे नव्हतेच, ते दुसऱ्या कुणाचे तरी होते, आणि ते वाट बघत होते. म्हातारीनं मान वर केली. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला, तिच्या ओठांकडं, एक शब्द, दोन अक्षरं, आणि ते तिच्या तोंडून यायच्या आत काहीही करणं शक्य नव्हतं.

“बाई, जरा,” तो म्हणाला. पुढचं त्याच्या तोंडून निघालं नाही.

म्हातारीनं त्याचे पांढरे बूट बघितले. इस्त्रीचा शर्ट बघितला, खिशावरचा हात बघितला, घाम बघितला. मग ती लगबगीनं उभी राहिली आणि डोक्यावर पदर घेतला, तशा शेजारच्या बायकाही उठल्या, रांगेतल्या दोघी पुढं आल्या, आणि त्या ओट्यावर बसलेलं कुणीच उरलं नाही.

“केवळाबाई, साहेब आले की गं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आलात का एकदाचे,” केवळाबाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, दोन महिन्यांचा. “रोज हितून जाता तुमी, रोज बघते मी. हे कचेरीचे साहेब हाईत म्हनून सांगितलं समद्यास्नी, येतील, इचारतील. उगी कशाला टोकायचं म्हनून गप ऱ्हायली.” तिनं पालथी घागर काखेला लावली. “हापसा बघा आधी. न्हाई तर तुमी म्हनाल, दुरुस्त हाय. नातू तीन दिस झाले निजून हाय साहेब, त्याला पानी पायजे. बसनं-बिसनं मागून होईल, च्या करते मी. चला.”

त्याला सांगायचं होतं. मी त्या खात्याचा नाही, मी तुमच्या पाण्यासाठी आलेलो नाही, मी माझ्या नळ्या मोकळ्या करायला चालतो, मला फक्त तुमच्या ओट्यावर घडीभर टेकू द्या. सगळी वाक्यं तयार होती, शुद्ध, कचेरीतली. पण ती पुढं निघाली होती. अनवाणी, झपझप, मधेच मागं वळून बघत, साहेब येतायत ना, साहेब मागं राहिले तर नाहीत. तिच्या पावलांची ती चाल त्याला ओळखीची होती. बायका बाजूला होऊन वाट करून देत होत्या. त्याच्या एका हातात रुमाल होता, दुसऱ्यात न फोडलेली पुडी, आणि मागं तो ओटा मोकळा पडला होता.

“चला साहेब,” केवळाबाई पुन्हा म्हणाली. राग नव्हता, नुसतं चला.

“जी,” साहेबराव म्हणाला, आणि चालू लागला.